आपल्या माणसांचे फोटो टिकले पाहिजेत : प्रश्न फक्त शाईचा नाही



गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये एक चांगला बदल झाला. घराघरात प्रिंटर आले. मुलांचे प्रोजेक्ट, शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्स यासाठी घेतलेल्या त्या डब्यातून आता फोटोही निघू लागले. जयंतीची मिरवणूक, धम्मदीक्षेचा कार्यक्रम, कुणाचे पुण्यानुमोदन, सगळे आपणच छापतो. पूर्वी फोटोसाठी स्टुडिओच्या पायऱ्या चढाव्या लागत आणि त्या पायऱ्यांवर आपली जात विचारली जाण्याची भीती असे. आज साधन आपल्या हातात आहे. पण साधन हातात असणे आणि ते समजून वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी फोटो छापताना कोणती शाई वापरली तर तो पन्नास वर्षे टिकेल आणि कोणती वापरली तर पाच वर्षांत उडेल, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी दुकानदाराला विचारला आहे?

काही कार्यकर्त्यांना वाटेल, पोटाचे प्रश्न आ वासून उभे असताना ही शाईची चर्चा कशाला? बांद्यातली आमची पोरे रोज पत्रादेवी ओलांडून गोव्यात कामाला जातात, त्यांच्या पगारावर लिहा. लिहू, लिहितेच आहे. पण स्मृती हा सुद्धा पोटाच्या खालोखालचा प्रश्न आहे. ज्यांच्याजवळ स्वतःचा पुरावा नसतो त्यांचा इतिहास दुसरे लोक लिहितात. हे आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला पिएर बोर्द्यू शिकवला होता. फोटो ही वरवर सर्वांना खुली कला दिसते, पण कुणाचा फोटो काढायचा, कशाचा काढायचा, कुठे लावायचा हे वर्गाप्रमाणे ठरते, अशी मांडणी त्याने १९६५ साली आपल्या सहकाऱ्यांसह केली. आपल्याकडे वर्गाच्या जागी जात ठेवून पाहा. वाड्यांच्या ओसरीवर चार-चार पिढ्यांच्या तसबिरी असतात. आपल्या घरात सर्वात जुना फोटो कुणाचा? बहुधा पलटणीत गेलेल्या पणजोबाचा, नाहीतर मुंबईला गिरणीत लागलेल्या आजोबाचा. गावी पाठवायला म्हणून काढलेला, खांद्यावर उसना कोट असलेला. आणि बायकांचे? त्यांचे जवळजवळ नाहीतच. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध केला. चळवळ उभी करणाऱ्या बायका शोधायला दारोदार फिरावे लागले, यातच सगळे आले.

आता माझ्या पाहण्यातली एक गोष्ट सांगते. सावंतवाडी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत विहार बांधले तेव्हा, धर्मांतरानंतरच्या पहिल्या वर्षांतला एक समूहफोटो मोठा करून भिंतीवर लावायचे ठरले. फोटो कृष्णधवल होता. नऊ बायका, दोन पुरुष, मागे गवताने शाकारलेले घर. एका स्टुडिओने तो स्कॅन करून, थोडा रंग भरून छापून दिला. दिसायला झकास. चौथ्या वर्षी तो फोटो नारिंगी दिसू लागला, सहाव्या वर्षी नऊपैकी पाच चेहरे ओळखता येईनात. स्टुडिओत फाइल मागायला गेलो तर कॉम्प्युटर बदलला होता. मूळ फोटो ज्या घरी होता त्या घराच्या पेटीला वाळवी लागली होती. साठ वर्षे पावसात टिकलेला फोटो आपण 'नवा' केला आणि नवा सहा वर्षे टिकला. त्या नऊ बायकांपैकी एकच आजी आज हयात आहे. ती बोट ठेवून नावे सांगते, पण बोट आता कोऱ्या कागदावर टेकते.

यात नशिबाचा काही संबंध नाही. यामागे कारण आहे आणि कारण कळले की उपायही कळतो. कार्यकारणभाव समजून घेणे हीच तर आपली शिकवण.

इंकजेट प्रिंटरच्या शाईचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक डाय, दुसरी पिगमेंट. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, चहात साखर विरघळते तसा. पिगमेंट म्हणजे न विरघळता पाण्यात तरंगत राहिलेले रंगाचे कण. पावसाळ्यात तेरेखोल लाल होते ती माती विरघळल्यामुळे नाही, मातीचे कण पाण्याबरोबर वाहतात म्हणून. पिगमेंट शाईतले कण त्याहून फार बारीक असतात, साधारण एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, म्हणून ते प्रिंटरच्या छिद्रातून जातात. पण असतात ते कणच.

फरक इथेच पडतो. डाय शाईत रंगाचा रेणू सुटा, एकटा असतो. त्याच्यावर प्रकाश पडला, हवेतला ओझोन आला की तो थेट मार खातो आणि मोडतो. मोडला की रंग गेला. पिगमेंटच्या एका कणात असंख्य रेणू एकमेकांना धरून बसलेले असतात. वरचा थर झिजला तरी आतले शाबूत राहतात. संघटित व्हा, हे रसायनशास्त्रातही खरे आहे म्हणायचे! शिवाय दमट हवेत डायचा रंग कागदात सरकतो, कडा फुटतात. पिगमेंटचा कण बसला तिथेच बसतो.

टिकाऊ रंगाचे उदाहरण बघायला आपल्याला परदेशात जायला नको. अजिंठ्याची चित्रे दीड हजार वर्षांनंतर आपण पाहतो. त्या भिक्खूंच्या काळातले रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, निळ्यासाठी लाजवर्दाचा दगड आणि काळ्यासाठी काजळी. सगळी रंगद्रव्ये, म्हणजेच पिगमेंट. काजळी तर शुद्ध कार्बन, तिला प्रकाश काही करू शकत नाही. आजच्या चांगल्या काळ्या पिगमेंट शाईतही कार्बनच असतो.

आता रंग उडण्याच्या तीन तऱ्हा ओळखायला शिका. नाक्यावरचे जयंतीचे पोस्टर उन्हात राहिले की निळे पडते. काही जण कौतुकाने म्हणतात, बघा, निळा रंग शेवटपर्यंत राहतो! तसे व्हायला आवडले असते, पण कारण वेगळे आहे. ऑफसेट छपाईतले पिवळे आणि गुलाबी-लाल रंग उन्हाला कमजोर असतात, निळा आणि काळा चिवट असतो. म्हणून निळे उरते. घरच्या इंकजेट फोटोत अनेकदा उलटे होते. डाय शाईतला निळा, ज्याला प्रिंटरवाले सायन म्हणतात, तो ओझोनपुढे आधी हार मानतो, आणि फोटो नारिंगी होतो. आणि १९७०-८०च्या काळातले स्टुडिओचे रंगीत फोटो पेटीत, अंधारात राहूनही तांबडे झालेत, ते त्या काळच्या फोटो कागदातला सायन रंग अंधारातही आपोआप विघटित होत असे म्हणून. म्हणजे फोटो कुठल्या रंगाकडे झुकला त्यावरून त्याला काय झाले हे बऱ्याच अंशी सांगता येते. आमच्या विहारातला फोटो उन्हात नव्हता. तो नारिंगी झाला, कारण तो उघड्या हवेत, काचेशिवाय, डाय शाईत होता.

हे फक्त गरिबांच्या बाबतीत घडते असे नाही. अमेरिकेत ग्रॅहम नॅश या गायकाने १९९१ साली आयरिस नावाच्या अतिमहाग प्रिंटरवर कलात्मक छपाई सुरू केली. त्या सुरुवातीच्या शाया काही वर्षांतच उडत. श्रीमंत चित्रकार आणि संग्राहक खवळले. २००० साली एपसनचे फोटो ८७० आणि १२७० हे घरगुती प्रिंटर बाजारात आले, त्यांचे चकचकीत कागदावरचे फोटो काही घरांत थोड्याच आठवड्यांत नारिंगी झाले. ग्राहकांनी प्रचंड आरडाओरड केली. त्याच सुमारास कंपन्यांनी घरगुती प्रिंटरसाठी पिगमेंट शाया आणल्या आणि डाय शायाही सुधारल्या. यातून मी एकच निष्कर्ष काढते. टिकाऊ शाई कंपन्यांनी दया म्हणून दिली नाही, लोकांनी मागितली म्हणून दिली. आपण मागत नाही म्हणून आपल्या बाजारात लिटरच्या बाटलीतले रंगीत पाणी येते.

कंपनीच्या खोक्यावर 'शंभर वर्षे', 'दोनशे वर्षे' असे आकडे असतात. ते साफ खोटे नसतात, पण ते कोणत्या परिस्थितीतले हे पाहा. हेन्री विल्हेल्म हा या विषयातला मोठा अभ्यासक. रंगीत फोटोंच्या टिकाऊपणावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १९९३ साली आला. त्याच्या प्रयोगशाळेत फोटोवर तीव्र प्रकाश टाकून थोड्या दिवसांत अनेक वर्षांचे नुकसान घडवतात, मग हिशेब मांडतात. हिशेबात धरलेले असते की फोटो काचेआड आहे, रोज १२ तास ४५० लक्स प्रकाश आहे, तापमान २४ अंश आणि हवेतली आर्द्रता ६० टक्के आहे. आता सांगा, जून ते सप्टेंबर बांद्यात ६० टक्के आर्द्रता कुठल्या घरात असते? इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ पाझरते, चिऱ्याच्या भिंतींना हात लावला तर ओला होतो. तेरेखोल चढली की बाजारपेठेत पाणी येते ते वेगळेच. म्हणून खोक्यावरचा आकडा हा आपला आकडा नव्हे. तो दोन शायांची तुलना करायला वापरा, तारीख मोजायला नको.

मी स्वतः एक साधी चाचणी केली, ती कुणीही करू शकतो. एकच फोटो तीन प्रकारे छापला. एक बाजारातल्या स्वस्त लोकल शाईने, दुसरा कंपनीच्या मूळ डाय शाईने घरच्या प्रिंटरवर, तिसरा ओळखीच्या माणसाकडून पिगमेंट प्रिंटरवर. तिन्हींचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकला आणि नोव्हेंबरमध्ये पश्चिमेच्या खिडकीला आतून चिकटवले. तीनच महिन्यांत लोकल शाईच्या फोटोत झाकलेला आणि उघडा भाग यात दिवसरात्रीचा फरक. मूळ डायमध्ये मे महिन्यात फरक दिसू लागला, चेहऱ्यावरचा लाल उतरला. पिगमेंटमध्ये मला डोळ्यांनी फरक सांगता आला नाही. तिन्हींची आणखी एकेक प्रत काचेशिवाय भिंतीवर पावसाळाभर ठेवली होती. लोकल शाईतल्या अक्षरांच्या कडा फुटल्या, काळ्याभोवती जांभळी छटा आली. शाळेतल्या मुलांना विज्ञानाचा प्रकल्प म्हणून हे द्या. खर्च नगण्य आणि मुलांना पुराव्यावर बोलायची सवय लागेल.

आता खरेदीचे बोलू. इथे सर्वात मोठी फसगत एका शब्दाची होते. टाकीवाल्या अनेक घरगुती प्रिंटरच्या खोक्यावर 'पिगमेंट इंक' असे लिहिलेले असते. नीट वाचा. कॅननच्या जी मालिकेतल्या अनेक प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई पिगमेंट असते, बाकीचे तीन रंग डाय असतात. एपसन एल ३२५० सारख्या प्रिंटरमध्ये चारही डाय. फोटोसाठी म्हणून विकला जाणारा सहा रंगांचा एल ८०५० किंवा मोठा एल १८०५० हेही डायच. फोटो त्यांच्यावर सुंदर येतात, रंग खुलतात, खर्च कमी येतो. रोजच्या कार्यक्रमाच्या फोटोंना ते उत्तम आहेत. पूर्ण पिगमेंट हवे असेल तर एपसनचे पी ७००, पी ९०० किंवा कॅननचा प्रो ३०० अशा यंत्रांकडे जावे लागते. त्यांची किंमत आणि शाईचा खर्च एका घराला परवडणारा नाही. चकचकीत कागदावर पिगमेंट थोडे धातूसारखे चमकते, ओरखडाही लवकर उठतो. म्हणून ते मॅट कागदावर शोभते. शिवाय यंत्र महिनोन्महिने बंद ठेवले तर छिद्रे तुंबतात, आठवड्यातून एक पान तरी काढावे लागते. आणि कृपा करून डायच्या प्रिंटरच्या टाकीत बाहेरून आणलेली पिगमेंट ओतू नका, ज्या शाईसाठी तो बनलेला नाही ती त्याला चोंदवू शकते.

मग आपल्यासारख्यांनी काय करावे? मी जे पाळते ते सांगते.

पहिले, कृष्णधवल जुने फोटो. ज्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आहे, त्यात कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर' निवडा आणि 'ग्रेस्केल' करा. तेव्हा तो बहुतेक छपाई त्या काळ्या शाईनेच करतो. 'फोटो पेपर' निवडलात की तो गुपचूप तीन डाय रंग मिसळून काळा बनवतो आणि तो काळा पुढे रंग बदलतो. जाड, आम्लरहित मॅट कागदावर काढलेली ही प्रत थोडी दाणेदार दिसेल, पण ती काजळीने काढलेली आहे. ती टिकेल.

दुसरे, रंगीत फोटो जो भिंतीवर कायमचा राहणार आहे. तो बाहेरून करून घ्या, पण तीन प्रश्न विचारून : शाई डाय की पिगमेंट? कागद कोणता? फाइल मला पेनड्राइव्हवर देणार ना? मिनीलॅबमधला रासायनिक पद्धतीचा फोटोही चांगला पर्याय आहे, आजचे ते कागद पूर्वीपेक्षा कितीतरी टिकाऊ आहेत. मात्र आता अनेक लॅबमध्ये 'ड्राय' यंत्रे आली आहेत, ती आतून इंकजेटच असतात. तेही विचारा. उत्तर देता आले नाही तर दुकान बदला.

तिसरे, घरच्या डाय प्रिंटरवर काढायचे तर मूळ शाई आणि त्याच कंपनीचा फोटो कागद. चाचण्यांचे आकडे त्या जोडीचे असतात, सुट्या शाईचे नसतात. लोकल शाई पत्रके आणि बॅनरच्या नमुन्यांपुरती ठेवा.

चौथे, फ्रेम. छापल्यावर निदान एक दिवस फोटो मोकळा सुकू द्या. काच आणि फोटो यांच्यामध्ये कार्डबोर्डची पट्टी देऊन फट ठेवा, नाहीतर दमटपणाने फोटो काचेला चिकटतो. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांत रबराचे तुकडे लावा, म्हणजे ओल्या भिंतीला पाठ टेकत नाही. आणि विहारात फोटोच्या अगदी समोर मेणबत्ती, अगरबत्ती लावू नका. आदर म्हणून लावलेली ज्योत रोज थोडी थोडी काजळी आणि उष्णता त्या चेहऱ्यावर चढवते.

पाचवे, कागदपत्रे. जातवैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे मागतात हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. अशा कागदांच्या प्रती डाय शाईच्या प्रिंटरवर काढून निर्धास्त राहू नका. पाण्याचा एक ओघळ पुरतो. लेझर प्रिंटरच्या किंवा झेरॉक्सच्या काळ्या टोनरची प्रत काढा, ती पाण्याने धुतली जात नाही.

एका गोष्टीबद्दल मला अधिक बोलायचे आहे, ती म्हणजे चेहऱ्याचा रंग. आमच्या एका आजीचा फोटो मुलाने बाहेरून मोठा करून आणला. आजीने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ह्यो फोटो माझो नाय गो बाय. मी काळी आसंय." दुकानदाराने न विचारता गोरी केली होती. आम्ही हसलो, पण ती हसली नाही. गोरेपणा हा 'दुरुस्ती' म्हणून चढवला जातो, ही या धंद्यातली जुनी खोड आहे. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी जी नमुना-कार्डे पाठवत असे त्यांवर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या मापाने छापलेल्या काळ्या माणसांच्या चेहऱ्यातले बारकावे नाहीसे होत. आज आपल्या हातात प्रिंटर असताना आपण तेच माप का वापरायचे? प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'ऑटो फोटो करेक्शन' असते ते बंद करा. सावळ्या चेहऱ्यावर कपाळ, गाल, गळा यांच्या छटा वेगळ्या दिसतात का ते पाहा. ज्या प्रिंटरमध्ये चारापेक्षा जास्त रंग आहेत, विशेषतः राखाडी शाई आहे, तो या गडद छटा अधिक नीट उतरवतो. टिकाऊ शाईत खोटा चेहरा छापला, तर खोटेच टिकेल.

कुडाळला एका शिबिरात मी हे सगळे सांगत होते तेव्हा एका तरुणाने विचारले, "ताई, धम्म सांगतो सगळे अनित्य आहे. मग फोटो टिकवायचा अट्टहास म्हणजे आसक्तीच नाही का?" प्रश्न प्रामाणिक होता आणि उत्तर त्याच तोलाचे द्यायला हवे. अनित्य आहे हे जाणणे म्हणजे निष्काळजी होणे नव्हे. शरीर अनित्य आहे म्हणून आपण औषध थांबवत नाही. सम्राट अशोकाला अनित्यता ठाऊक नव्हती का? तरीही त्याने आपले लेख दगडावर कोरायला लावले, आणि ते दीर्घकाळ टिकावेत म्हणूनच कोरले असेही नोंदवले. त्यातलाच एक तुकडा आपल्या किनाऱ्यावर, सोपाऱ्याला, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सापडला. अशोकाने ताडपत्र निवडले असते तर आज आपल्या हातात काय असते? माध्यम निवडणे हीही जबाबदारी आहे. आसक्ती तेव्हा होते जेव्हा आपण फोटोची पूजा करतो आणि त्यातल्या माणसांनी काय केले ते विसरतो.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर मुंबईत जी अंत्ययात्रा निघाली, तिचे चित्रीकरण नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. मोठमोठ्या चित्रपट कंपन्या मुंबईतच होत्या, पण ही धडपड आपल्यातल्या माणसाला करावी लागली. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी वर्षानुवर्षे बाबासाहेबांची छायाचित्रे आणि पत्रे जमवली, ती व्यक्तिगत कष्टाने. आपल्या स्मृतीची किंमत नेहमी आपल्याच माणसांनी मोजली आहे. मग एका विहाराला पिगमेंटचा प्रिंटर परवडत नसेल, तर तालुक्यातल्या पाच विहारांनी मिळून घ्यायला काय हरकत आहे? जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च काढून बघा आणि मग परवडत नाही म्हणा. एक जण शिकेल, पाच वाड्यांचे फोटो छापेल, यंत्र चालू राहील, शाई सुकणार नाही.

आणि एका प्रतीवर कधीही विसंबू नका. रॉबर्ट गिलने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षे घालवली. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या आणि १८६६च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. पुढे ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. एक प्रत म्हणजे नसल्यासारखीच. एक भिंतीवर, एक अंधाऱ्या कोरड्या डब्यात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, आणि मूळ स्कॅन निदान ६०० डीपीआयला करून दोन वेगवेगळ्या ठिकाणी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो ही प्रत नव्हे, तो दाबून लहान केलेला असतो.

शेवटी सर्वात टिकाऊ गोष्ट. फोटोतल्या माणसाचे नाव. नाव, गाव, साल आणि तिने काय केले हे दोन ओळींत, पेन्सिलने, वेगळ्या कागदावर लिहून फोटोबरोबर ठेवा. उत्तम पिगमेंटमध्ये छापलेली निनावी बाई दोनशे वर्षांनीही निनावीच राहील, आणि निनावी ठेवणे हीच तर या व्यवस्थेची आपल्याबाबतची पद्धत होती.

आमच्याकडे काम वाटून घ्यायला निसर्गानेच वेळापत्रक दिले आहे. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारांमध्ये 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन होते, म्हाताऱ्या बायका रोज एकत्र येतात. त्या तीन महिन्यांत छापू नका, हवा ओली असते. त्या तीन महिन्यांत पेट्या उघडा, फोटो स्कॅन करा, आज्यांजवळ बसा आणि नावे लिहून घ्या. पाऊस सरला, हवा कोरडी झाली की छापा. सहा डिसेंबरला आपल्या विहाराच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी तुमच्या वाडीतल्या दीक्षा घेतलेल्या बायका नावानिशी, स्वतःच्या रंगात लागल्या पाहिजेत. कोणती शाई घ्यायची ते आता तुम्हाला ठाऊक आहे. आज्या मात्र थांबणार नाहीत, तेव्हा सुरुवात नावांपासून करा.

जय भीम! नमो बुद्धाय!